आलेखात न थांबलेला टेम्पो

आठल्ये साहेबांनी चालू यंत्राच्या पाठीवरचं झाकण सरकवलं, आतले चारही पेन्सिल सेल काढले आणि जगदाळ्यांच्या टेबलावर ओळीने उभे केले. यंत्राचा पडदा विझला. साहेबांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, खाकरले, सेल सावकाश परत घातले, बटण दाबलं आणि यंत्र जगदाळ्यांसमोर धरलं. आधीच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या.

"आमचं यंत्र विसरत नाही," साहेब म्हणाले.

हा प्रयोग मी तोवर इतक्या वेळा पाहिला होता, की साहेब कुठल्या सेलनंतर खाकरणार हेही मला पाठ होतं. साहेब इंजिनिअर होते, पण नाटक कंपनीत गेले असते तरी उपाशी राहिले नसते. गिऱ्हाईक या जागी हमखास मान डोलवायचं. जगदाळ्यांनी डोलवली नाही.

"विसरत नाही हे चांगलंच आहे," ते म्हणाले, "पण लिहितं फार सावकाश. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत मला दोन-अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात तुमचं यंत्र वीस-पंचवीस नोंदी करतं. मला दोनशे हव्यात."

आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक गुळगुळीत कागदाचं ब्रोशर काढून टेबलावर ठेवलं. परदेशी यंत्राचं. त्यात एक सोनेरी केसांची बाई आमच्यासारखंच यंत्र हातात धरून हसत होती. ब्रेकची चाचणी घेताना एवढं हसू कशाचं येतं, मला आजवर कळलेलं नाही.

ओळख करून द्यायला हवी. जगदाळे म्हणजे चाकणकडच्या एका ब्रेक लायनिंगच्या कारखान्यातले टेस्टिंग विभागाचे प्रमुख. लायनिंग म्हणजे ब्रेकमधला तो भाग, जो चाकाच्या ड्रमवर घासतो आणि गाडी थांबवतो. आठल्ये साहेब आमचे मालक. पर्वतीच्या पायथ्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता आणि तिथे आम्ही मोजकी माणसं हातात धरायचे डेटा लॉगर बनवायचो. डेटा लॉगर म्हणजे मोजायचं आणि लिहून ठेवायचं यंत्र. वेग, ड्रमचं तापमान, पेडलवरचा दाब, जे सांगाल ते मोजतं आणि आपल्या मेमरीत टिपून ठेवतं. नंतर वायर लावून सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि आलेख बघायचा. माझं काम गिऱ्हाईकाकडे जाऊन यंत्र लावून देणं, चालवून दाखवणं आणि शिव्या खाणं.

पूर्वी परदेशी यंत्र मागवायचं म्हणजे लायसन्सच्या फेऱ्यांत माणूस म्हातारा व्हायचा. आमचं यंत्र सावकाश होतं, पण मिळत होतं. आता आयातीचे दरवाजे उघडले होते. सोनेरी केसांची बाई पुढच्या महिन्यात चाकणला पोचू शकत होती.

"दीड-दोन महिने द्या," साहेब म्हणाले. "दहापट वेग देतो."

परत येताना फियाटमध्ये मी विचारलं, "साहेब, दहापट कसा देणार?"

"ते मेश्राम बघतील," साहेब म्हणाले.

सुधीर मेश्राम आमचा फर्मवेअर इंजिनिअर. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम. मेश्राम नागपूरचा. वडील रेल्वेत होते. घरातला पहिला इंजिनिअर. कमी बोलायचा, आणि बोलला की वऱ्हाडी वळणाने बोलायचा. मी पुणेरी असल्यामुळे त्याच्या मराठीची थट्टा करायचो. तो म्हणायचा, "करंदीकर, तुझी मराठी शुद्ध आहे, पण तीत निरोप कमी अन् टोमणे जास्त असतात."

त्या दिवशी मी त्याला दहापटीची बातमी दिली. तो खिडकीपाशी गेला आणि खाली सोल्डरिंगचा धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला हिंजवडीहून बोलावणं आलंय."

हिंजवडीत तेव्हा शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या. आमच्या ओळखीचा दर आठवड्याला एक इंजिनिअर तिकडे गायब व्हायचा. जाताना हार्डवेअरवाला असायचा, महिन्याभराने भेटला की अमेरिकेतल्या कुठल्या तरी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहीत असायचा आणि गळ्यात फोटोचं कार्ड असायचं.

"जाणार?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात जा. वैशाली म्हणते तुम्ही ठरवा." वैशाली त्याची बायको. "मला नाही जायचं. तिथे सगळं स्क्रीनवर हलते. इथे चाक हलते."

"मग साहेबांना सांग ना."

तो सांगायला गेला, मलाही घेऊन. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला. मग ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"मेश्राम, ही ऑर्डर आली तर पुढचं यंत्र पहिल्या रेघेपासून तुमचं. सर्किट तुमचं, प्रोग्रॅम तुमचा, बोर्डावर नाव तुमचं. मी मध्ये बोलणार नाही."

आमच्या धंद्यात सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात, तांब्याच्या बारीक अक्षरांत, डिझाइन करणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची पद्धत असते. झाकण लावलं की ती कुणालाही दिसत नाहीत. आमच्या गाळ्यातून तोवर बाहेर पडलेल्या प्रत्येक बोर्डावर साहेबांचीच होती. मेश्रामने हिंजवडीला जगदाळ्यांच्या चाचणीनंतरच्या सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि कामाला लागला.

आता यंत्र सावकाश का होतं, ते सांगतो. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, पण मग पुढे काय बिघडलं ते समजलं नाही तर मला विचारू नका.

मेमरीची जी चिप आम्ही वापरत होतो, तिला एक आकडा लिहायला जेवढा वेळ लागे, जवळपास तेवढ्याच वेळात ती तीस-बत्तीस आकडे लिहू शके. रिक्षासारखं. स्वारगेटपर्यंत एकटे जा नाहीतर तिघं जा, रिक्षेला लागणारा वेळ तोच. आमचं यंत्र मात्र प्रत्येक आकड्याला स्वतंत्र रिक्षा करून पाठवायचं. एवढ्यावर भागत नव्हतं. साहेबांचा स्वभाव संशयी. त्यांनी मूळ प्रोग्रॅम असा लिहिला होता, की प्रत्येक आकडा दोन ठिकाणी लिहायचा, मग दोन्ही वाचायचे, ताडून बघायचे आणि मगच पुढचा घ्यायचा. शिवाय प्रत्येक नोंद पडद्यावरही दाखवायची. म्हणजे एक माणूस पोचवायला दोन रिक्षा, दोघांनी पोचल्याचा फोन करायचा आणि तोवर घरचे दारात उभे.

पण याच कारणाने तो सेलचा प्रयोग जमायचा. केव्हाही सेल काढा, मोजलेलं सगळं चिपमध्ये जाऊन बसलेलं असायचं. यंत्राच्या हातात काही उरलेलंच नसायचं.

मेश्रामने आधी पडद्याला आवरलं. पडदा सेकंदातून दोनदाच बदलायचा. माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरतं. वेग थोडा वाढला. मग दोनदा लिहिणं बंद करायचा प्रस्ताव घेऊन तो साहेबांकडे गेला. तिथे अर्धा दिवस गेला.

"एकदाच लिहिलं आणि चुकीचं लिहिलं गेलं तर?"

"सर, आकड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी त्यांची बेरीज टाकू. वाचताना बेरीज जुळली नाही तर समजेल."

"समजेल. दुरुस्त होईल का?"

"नाही होणार. पण चूक आहे हे लपणार नाही."

साहेबांना ते पटलं नाही, पण ब्रोशरमधली बाई त्यांच्याही डोळ्यासमोर होती. ते हो म्हणाले.

मग खरं काम. मेश्रामने यंत्राच्या चालू स्मरणात दोन ताटं मांडली. हा त्याचाच शब्द. आकडे आले की पहिल्या ताटात. ते भरलं की पुढचे आकडे दुसऱ्या ताटात, आणि तोवर पहिलं ताट गठ्ठ्यागठ्ठ्याने चिपमध्ये रिकामं करायचं. एका ताटात साधारण सव्वा सेकंदाचे आकडे मावायचे. मोजणं कुठेही थांबत नव्हतं. पहिल्यांदा सेकंदाला शंभर नोंदी सुरळीत पडल्या, तेव्हा मेश्राम खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "आता कसं." वऱ्हाडी माणसाच्या आनंदाची ही कमाल असते.

चालू स्मरण मात्र विजेवर जगतं. सेल काढले की अर्धवट भरलेलं ताट गेलं. मेश्रामला हे ठाऊक होतं. गाडी थांबली की यंत्र नोंदी थांबवायचं आणि ताट तसंच हातात धरून बसायचं, कारण गाडी पुन्हा निघाली तर त्याच ताटात पुढे वाढायचं असे. STOP बटण दाबलं की जे काही ताटात असेल ते चिपमध्ये जायचं. म्हणजे नियम सोपा. आधी STOP, मग सेल.

आम्ही हजारदा चाचणी केली असेल. पण सगळी अडाप्टरवर. साहेब सेल कुलपात ठेवायचे. ऑफिसचे सेल लोकांच्या घरच्या भिंतीवरच्या घड्याळांत जातात, असा त्यांचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता. त्यामुळे टेबलावर काम करताना वायर लावायची, सेल फक्त गिऱ्हाईकासमोर. नव्या प्रोग्रॅमच्या यंत्रातून कुणी कधी सेल काढलेच नव्हते, कारण घातलेच नव्हते.

तरी मेश्रामने साहेबांना सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. "सर, आता STOP न दाबता सेल काढायचे नाहीत."

"हो हो, मॅन्युअलमध्ये टाका."

मॅन्युअल कुणी वाचत नाही म्हणून मेश्रामने एक स्टिकर छापून घेतला आणि सेलच्या झाकणावर चिकटवला. 'आधी STOP दाबा. नंतरच सेल काढा.'

चाचणी कात्रजच्या जुन्या घाटात ठरली. घाट उतरताना ब्रेक सतत लावावा लागतो, लायनिंग तापतं, आणि तापलेल्या लायनिंगची पकड ढिली पडते. किती ढिली पडते तेच जगदाळ्यांना बघायचं होतं. बोगद्यापासून माल लादलेला टेम्पो खाली आणायचा, पायथ्याच्या सरळ पट्ट्यावर ताशी चाळीसला न्यायचा आणि करकचून थांबवायचा. या शेवटच्या दोन-अडीच सेकंदांसाठी सगळा खटाटोप.

रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून आम्ही उजाडतानाच निघालो. फियाटमध्ये साहेबांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं आणि नखाने स्टिकर सोलायला लागले.

"साहेब, तो राहू द्या," मी म्हणालो.

"करंदीकर, सूचना घरात लावायच्या. पाहुण्यांसमोर नाही. जगदाळ्यांना वाटेल, आमचं यंत्र नाजूक आहे."

मागच्या सीटवरून मेश्राम म्हणाला, "सर, पण तुमच्या लक्षात..."

"अहो मेश्राम, हे यंत्र मी जन्माला घातलंय. मला सांगता?"

स्टिकरची गोळी झाली आणि खिडकीतून बाहेर गेली.

टेम्पो घाटातून खाली आला तेव्हा आम्ही पायथ्याला उभे होतो. मेश्राम टेम्पोत, यंत्र त्याच्या मांडीवर. सरळ पट्ट्यावर गाडीने वेग घेतला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, टायर किंचाळले आणि टेम्पो आमच्यापासून दहा पावलांवर थांबला. तापलेल्या लायनिंगचा तो ओळखीचा जळका वास आला. मेश्रामने दार उघडलं. खाली उतरायचं म्हणून त्याने यंत्र साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सर, STOP..."

त्याच क्षणी जगदाळे पलीकडून आले. "हं, काय म्हणतंय यंत्र?"

आता पुढे जे झालं, त्यात साहेबांचा मेंदू सामील नव्हता असं मी आजही शपथेवर सांगेन. समोर गिऱ्हाईक. हातात यंत्र. इतक्या वर्षांचे हात होते ते. अंगठ्याने झाकण सरकलं, चार सेल तळव्यावर आले, तळवा जगदाळ्यांसमोर पसरला गेला. साहेब खाकरले सुद्धा.

"आमचं यंत्र," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

मेश्राम एक पाय टेम्पोच्या पायरीवर आणि एक रस्त्यावर, असा उभा होता.

सेल परत गेले. जगदाळ्यांनी आपल्या जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला, वायर लावली. पडद्यावर आलेख आला. घाटातला सगळा उतार अगदी देखणा. प्रत्येक वळणाला वेग कमी झालेला, तापमान चढत गेलेलं. मग सरळ पट्टा. वेग चाळीसपर्यंत वर. मग ब्रेक, रेघ तिरकी खाली यायला लागली. चाळीस, तीस, पंचवीस, बावीस. आणि रेघ संपली.

जगदाळ्यांनी आधी आलेखाकडे पाहिलं, मग दहा पावलांवर थांबलेल्या टेम्पोकडे.

"आठल्ये साहेब, तुमच्या हिशोबाने हा अजून ताशी बावीसने निघालाय," ते म्हणाले. "आत्तापर्यंत स्वारगेटला पोचला असेल."

कुणी हसलं नाही. जगदाळेही नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सेल काढताना त्यांनी पाहिलं होतं. मी पाहिलं होतं. मेश्रामने पाहिलं होतं. टेम्पोच्या ड्रायव्हरनेही पाहिलं होतं. साहेबांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की सवयीने सेल निघाले, पुन्हा एकदा घेऊ. सगळे हसले असते आणि टेम्पो परत वर गेला असता.

साहेब म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये काहीतरी घोळ घातलेला दिसतोय आमच्या मुलाने. नवीन आहे. बघून घेतो मी."

मेश्राम तेव्हा आमच्याकडे चार वर्षं होता.

मी म्हणालो, "साहेब, सेल निघाले होते. STOP दाबायचं राहिलं." एवढ्या मोठ्याने म्हणालो, की जगदाळ्यांना नीट ऐकू जावं.

"ते कळलं मला," जगदाळे म्हणाले. "पुन्हा घ्या."

साहेब टेम्पोच्या टायरकडे बघत होते.

टेम्पो पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. या वेळी मेश्रामने STOP स्वतः दाबलं आणि यंत्र थेट जगदाळ्यांच्या हातात दिलं. रेघ चाळीसपासून शून्यापर्यंत उतरली. मधला एकही ठिपका गळालेला नव्हता. अगदी शेवटी, टेम्पो थांबताना चाकांनी जो बारीक हिसका दिला, तोही आलेखात दिसत होता. जगदाळे वाकून तो हिसका बराच वेळ बघत राहिले.

"हे आम्हाला पूर्वी कधी दिसलं नव्हतं," ते मेश्रामला म्हणाले. "उत्तम आहे. ऑर्डर तुमची."

हे ते मेश्रामला म्हणाले, पण आभार साहेबांनी मानले.

परतताना साहेब खुशीत होते. कात्रजला मिसळ खाऊ म्हणाले. मेश्राम म्हणाला, "मी इथून बसने जातो, सर." फियाट निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तो बसस्टॉपवर उभा होता आणि हाताला लागलेलं टेम्पोचं काळं रुमालाने पुसत होता.

सोमवारी त्याने हिंजवडीला होकार कळवला आणि साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

नोटिशीचा महिना त्याने अगदी सरळ काढला. एवढंच नाही, त्यात एक नवीन काम केलं. सेलच्या शेजारी एक जाडसर कपॅसिटर बसवला. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटासा साठा. सेल निघाले की यंत्राला तत्काळ कळायचं, आणि साठ्यातल्या विजेवर ते ताटातलं सगळं चिपमध्ये टाकूनच मान टाकायचं. आता STOP दाबा की न दाबा.

"हे कशाला करतोस?" मी विचारलं. "जाणार आहेस ना?"

"साहेबांचे हात बदलायचे नाहीत आता," तो म्हणाला. "बोर्डावर जागा होती. बसवून दिला."

त्याने तो बोर्ड नव्याने आखला होता. मी कोपऱ्यात पाहिलं. आद्याक्षरं साहेबांचीच होती.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "करंदीकर, आपण मेश्रामांच्या घरी जाऊन येऊ. तुम्ही चला बरोबर." मला बरोबर नेण्याचं कारण मला कळलं होतं. नाटकात एक माणूस असतो, ज्याला काही संवाद नसतात, पण तो नसला तर मुख्य नटाला स्टेज मोठं वाटतं.

मेश्राम कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचा. लिफ्ट नव्हती. साहेबांचे गुडघे दुखायचे, तरी ते तिन्ही जिने चढले. वैशालीने पाणी दिलं, चहा टाकला. भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर, खाली शेल्फवर इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तकं आणि एक उघडा पडलेला रेडिओ.

"जागा छान आहे," साहेब म्हणाले. "पाणी येतं ना वेळेवर?"

"येते, सर."

"कर्वेनगरला पाण्याचा जरा प्रश्न असतो."

"आमच्याकडे येते."

चहा आला. साहेबांनी चहाची तारीफ केली. मग नागपूरच्या उन्हाळ्याविषयी बोलले. मग रेडिओ कोणत्या बनावटीचा आहे ते ओळखून दाखवलं. मग म्हणाले, "मेश्राम, तुम्हाला मी चीफ डिझाइन इंजिनिअर करतो. पगाराचं बघू. पुढचं यंत्र तुमचंच, हा माझा शब्द आहेच."

मेश्रामने कप खाली ठेवला. "सर, त्या दिवशी घाटात..."

एवढं बोलून तो थांबला. मला कळलं, वैशालीलाही कळलं. ती ट्रे घेऊन आत निघाली होती, ती दारातच थांबली. बोलण्याचं दार मेश्रामने उघडून धरलं होतं. साहेबांनी फक्त आत यायचं होतं.

"घाटात धूळ फार होती," साहेब म्हणाले. "माझा घसा अजून बसलेला आहे."

"हो न, सर," मेश्राम म्हणाला. "धूळ होती."

त्यानंतर आम्ही पाच मिनिटं बसलो असू. मेश्राम आम्हाला सोडायला खालपर्यंत आला. साहेबांचा हात धरून त्याने त्यांना तिन्ही जिने उतरवले. साहेबांच्या स्कूटरपाशी नमस्कार केला आणि वर गेला.

"मी आलो की नाही स्वतः?" साहेब मला म्हणाले. "हे गुडघे घेऊन आलो. अजून काय करायचं माणसाने?"

"एक वाक्य राहिलं, साहेब."

"ते न सांगता समजतं."

"समजतं. पण मग सांगायला काय हरकत होती?"

साहेबांनी स्कूटरला किक मारली. ती पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्याही नाही. शेवटी मी मारली.

जगदाळ्यांची ऑर्डर आम्ही पुरी केली. यंत्रं चांगली चालली. तक्रार एकही नाही. दोनेक वर्षांनी त्यांना यंत्राच्या पडद्यावरच आलेख हवा होता आणि नोंदींचा वेग आणखी वाढवून हवा होता. साहेबांनी मेश्रामच्या जागी एकामागून एक तीन मुलं घेतली. तिघंही हुशार होती. प्रत्येकाला मेश्रामचा प्रोग्रॅम समजायला सहा महिने लागले आणि समजला तसा हिंजवडीचा फोन आला. साहेबांनी स्वतः बसून प्रयत्न केला. मी त्यांना त्या ताटांच्या कोडवर वाकलेलं पाहिलं आहे. एकदा म्हणाले, "किती स्वच्छ लिहिलंय हो याने." हे त्यांनी मला सांगितलं. ज्याला सांगायचं तो तेव्हा पंधरा-वीस किलोमीटरवर होता, आणि साहेबांकडे त्याचा नंबर होता.

शेवटी आम्ही त्या सोनेरी केसांच्या बाईची एजन्सी घेतली. खोकी यायची, खोकी जायची. गाळ्यातला सोल्डरिंगचा वास गेला. साहेब रोज यायचे, पेपर वाचायचे. पुढे तेही बंद झालं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मेश्राम भेटायला आला होता, असं आठल्ये वहिनींकडून नंतर कळलं. काय बोलले ते मला माहीत नाही. वहिनी चहा करायला आत गेल्या होत्या.

मेश्राम आता मोठा माणूस आहे. त्याच्या हाताखाली दोनशे माणसं आहेत आणि ती अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचं काहीतरी करतात. त्याला धड सांगता येत नाही आणि मला धड समजत नाही. मध्यंतरी आम्ही भेटलो. मी विचारलंच. मी म्हटलं, "सुधीर, साहेब ते वाक्य बोलले असते, तर राहिला असतास?"

त्याने खरंच विचार केला.

"राहिलो असतो," तो म्हणाला. "एक यंत्र तरी केलं असतं. मग गेलोच असतो, सगळेच गेले." "पण एक यंत्र झालं असतं."

ते यंत्र कसं असतं ते मी विचारलं. त्याने पेपर नॅपकिन घेतला आणि अर्धा तास मला समजावून सांगितलं. वीस वर्षांत एकही वायर तो विसरला नव्हता.

मी हल्ली एका कॉलेजात आठवड्यातून एकदा शिकवायला जातो. पोरांना शेवटच्या तासाला दोन गोष्टी सांगतो. एक, गिऱ्हाईक ज्या सेलवर यंत्र चालवणार, त्याच सेलवर तुम्ही चाचणी करा, अडाप्टरवर नको. दोन, चूक सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असली तरी ज्याची आहे त्याने ती तोंडाने म्हणावी, आणि तिथल्या तिथे म्हणावी. पहिली गोष्ट पोरं लिहून घेतात. दुसरीच्या वेळी पेनाला टोपण लावतात, कारण ती परीक्षेत येत नाही.